लेकराचा व्हायरल ताप, हृदय आणि रक्ततपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की ओपीडीत तापाची लेकरं वाढतात ती थेट दिवाळीपर्यंत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. करोनानंतर एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, तापाचा परिणाम हृदयावर होतो म्हणतात, तर रक्त तपासून आधीच कळेल का?" प्रश्न रास्त आहे. ओपीडीच्या गर्दीत त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. हे वाचून चालू औषध बंद करू नका. तुमच्या लेकराला ज्यांनी हात लावून तपासलंय, त्यांचं म्हणणं आधी.

साध्या व्हायरल तापाने खरंच हृदयाला काही होतं का?

बहुतेक लेकरांना काहीच होत नाही. तीन-चार दिवस ताप, सर्दी, अंगदुखी, आणि मग लेकरू पुन्हा अंगणात.

फार थोड्या लेकरांत मात्र विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. कधी तो स्वतः स्नायूच्या पेशींत शिरून त्या फोडतो, तर कधी विषाणूशी लढायला उठलेली शरीराची फौज आपल्याच स्नायूवर तुटून पडते. दोन्हीत स्नायूला सूज येते आणि रक्त ढकलायची त्याची ताकद कमी होते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी बी आणि त्याच्या कुळातले एन्टेरोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस, पार्व्होव्हायरस बी-१९, फ्लू, करोना, आणि आपल्याकडे डेंगी, चिकुनगुन्या अशा अनेक विषाणूंनी हे होऊ शकतं. ताप सुरू झाल्यापासून काही दिवसांत, कधी ताप उतरून आठ-पंधरा दिवस झाल्यावरही ते दिसतं. म्हणून "ताप तर कधीच गेला" एवढ्यावर मी निर्धास्त होत नाही.

मग रक्त तपासून धोका आधीच सांगता येतो का?

थोडा सांगता येतो, पूर्ण नाही. घोळ होतो तो इथेच, कारण तीन वेगळे प्रश्न आपण एकातच गुंडाळतो.

पहिला प्रश्न : या घटकेला हृदयाच्या स्नायूला इजा होते आहे का? याचं उत्तर रक्त बऱ्यापैकी देतं. दुसरा : इजा झालेली आहे, तर पुढच्या एक-दोन दिवसांत हे लेकरू आणखी खालावेल का? याचा अंदाज रक्तातले आकडे, नाडी, बीपी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) शेजारी शेजारी ठेवून बांधता येतो. तिसरा : आज हृदय ठणठणीत आहे, नुसता ताप आहे, अशा लेकराला आठ दिवसांनी हृदयाचं काही होईल का? याचं खात्रीचं उत्तर देणारी एकही रक्ततपासणी आज दवाखान्यांत रोजच्या वापरात नाही.

आईबाप विचारतात तिसरा प्रश्न आणि लॅबचा कागद उत्तर देतो पहिल्याचं. कागदावरचा आकडा रक्त काढलं त्या तासाचा असतो, पुढच्या आठवड्याचा नसतो. म्हणून लेकराची तब्येत शंका घेण्यासारखी असेल, तर आम्ही तीच तपासणी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो. आकडा चढतोय की उतरतोय, यावर मी एकट्या आकड्यापेक्षा जास्त भरवसा ठेवते. "कालच तर केली होती, परत कशाला पैसे घालवायचे?" असं वाटणं साहजिक आहे. पण खरी माहिती त्या दुसऱ्या तपासणीतच असते.

ट्रोपोनिन म्हणजे काय?

हृदयाच्या स्नायूच्या आत असणारं प्रथिन. आखडणं आणि सैल होणं या कामात त्याचा वाटा असतो. निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी कणभर सापडतं. स्नायूची पेशी दुखावली की ते बाहेर सांडतं आणि काही तासांत रक्तात वाढलेलं दिसतं. मोठ्या माणसांच्या हार्ट अटॅकमध्ये हीच तपासणी करतात, म्हणून रिपोर्टवर नाव वाचलं की बाप हबकतो : "माझ्या पोराला अटॅक आला का?" नाही. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, इथे विषाणूच्या सुजेने पेशी दुखावलेल्या असतात. सांडणारं प्रथिन तेवढं एकच.

ट्रोपोनिन वाढलं म्हणजे मायोकार्डायटिसच, असंही नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरला, किडनी बिघडली, हृदय फार वेळ फार वेगाने धावलं, तरी ते वाढतं. नवजात बाळांत तर ते मुळातच जास्त असतं. उलट आजाराच्या अगदी सुरुवातीला रक्त घेतलं तर ते नॉर्मल येऊ शकतं.

आणि बीएनपी?

हृदयाच्या कप्प्यांवर ताण पडला, ते ताणले गेले, की हृदय स्वतःच हे संप्रेरक रक्तात सोडतं. त्याच्या नावात मेंदूसाठीचा इंग्रजी शब्द आहे, कारण १९८८ साली जपानी संशोधकांना ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं. ते मुख्यतः हृदयातून येतं हे नंतर कळलं, नाव तेच राहिलं.

माझ्यासारखीला याचा मोठा उपयोग वेगळ्याच जागी होतो. धाप लागलेलं लेकरू समोर आहे. न्यूमोनिया आहे की हृदय थकलंय? दोन्हीत छातीत घरघर, दोन्हीत पोट उडतं, एक्स-रेही कधी कधी फसवतो. अशा वेळी बीएनपी खूप वाढलेलं असेल तर हृदयाकडे बोट जातं. ट्रोपोनिन इजा दाखवतं आणि बीएनपी ताण. दोन्ही चढलेले असतील तर मी लेकराला आमच्या गावात ठेवत नाही.

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन निरनिराळ्या तपासण्या आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. बीएनपी नळीतल्या रक्तातही लवकर विरतं, एनटी-प्रोबीएनपी जास्त टिकतं. नमुना एसटीने किंवा मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या लॅबला जाणार असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे आकडे निसर्गतःच जास्त असतात. मोठ्यांची मर्यादा छापलेला कागद बाळाला लावू नये.

सीआरपी, ईएसआर, फेरिटिन, डी-डायमर हे सगळं कशासाठी लिहितात?

यातलं एकही हृदयाचं नाही. शरीरात आग किती भडकली आहे, ते यांतून कळतं. साध्या व्हायरल तापात सीआरपी सहसा थोडं वाढतं. ते खूप वाढलेलं, सोडियम आणि अल्ब्युमिन घटलेलं, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असं चित्र दिसलं तर हा साधा ताप नव्हे, एवढं कळतं. मग हृदयाच्या तपासण्या लावायच्या.

एसजीओटी वाढलाय, म्हणजे कावीळ ना?

असेलच असं नाही. हे विकर यकृतात असतं तसं हृदयाच्या स्नायूतही असतं. उलट्या होणाऱ्या लेकराचा एसजीओटी वाढला की "लिव्हरला सूज" असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. लेकरू निपचित असेल आणि नाडी पळत असेल, तर हाच आकडा हृदयातून आलेला असू शकतो.

सीके-एमबी नावाची जुनी तपासणीही अजून बऱ्याच ठिकाणी होते. लहान मुलांत ती फार फसवी आहे. काही पद्धतींत दुसऱ्याच ठिकाणचं विकर मोजलं जाऊन आकडा उगाच फुगतो. नुसत्या सीके-एमबीवर कुणी घाबरवलं तर ट्रोपोनिन करून घ्या.

मग तापाच्या प्रत्येक लेकराचं ट्रोपोनिन का करत नाही? पैसे आम्ही देऊ.

पैशाचा मुद्दा आहेच, पण तो दुसरा. आधी हिशेब बघू. समजा तापाची १००० लेकरं आहेत आणि त्यांतल्या फक्त दोघांच्या हृदयाला सूज आहे. समजा तपासणी इतकी चांगली आहे की दोघांनाही पकडते, आणि निरोगी लेकरांपैकी १०० मागे फक्त ५ जणांना चुकीचं "वाढलंय" म्हणते. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. आता ९९८ निरोगी लेकरांपैकी जवळपास ५० जणांचा रिपोर्ट वाढलेला येईल. म्हणजे हातात "वाढलंय" असा कागद असलेल्या ५२ घरांपैकी ५० घरांत हृदयाला काहीच झालेलं नाही. तरी ती ५० घरं उधार-उसनवार करून लातूर, संभाजीनगर गाठणार, इको करणार, रात्र रात्र जागणार. अशा घराची आई मी पाहिली आहे. पोर अंगणात खेळत होतं आणि तिचं जेवण सुटलं होतं.

हीच तपासणी नाडी पळणाऱ्या, यकृत वाढलेल्या, हातपाय गार पडलेल्या लेकरात केली, तर तोच वाढलेला आकडा बहुधा खरा निघतो. तपासणी बदललेली नसते. ती कुणावर केली, त्यावर तिच्या उत्तराची किंमत ठरते.

तुम्ही काय पाहून ही तपासणी लिहिता?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सात वर्षांचा मुलगा, दोन दिवस ताप येऊन गेलेला, सकाळपासून उलट्या आणि पोटात दुखतंय. जुलाब नव्हते. "अन्न टिकत नाही, पाणी टिकत नाही," आजी सांगत होती. मी गॅस्ट्रो लिहिलं आणि सलाईन भराभर सोडायला सांगितलं. अर्धी बाटली गेली आणि पोराचा श्वास वाढला. मला वाटलं, घाबरलाय. आजी म्हणाली, "मॅडम, याच्या गळ्याजवळ बघा ना, कसं उडतंय." मी परत हात लावला. उजव्या बरगडीखाली यकृत चांगलं तीन बोटं खाली आलं होतं, मऊ आणि दुखरं. अंगात ताप नाही आणि नाडी १६०. पायाची बोटं गार. नखावर दाबून सोडलं तर रंग परत यायला चार सेकंद लागले. सलाईन तिथल्या तिथे थांबवलं, ऑक्सिजन लावला आणि गाडी बोलावली. मेडिकल कॉलेजला ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, इकोत हृदय जेमतेम आखडत होतं. मुलगा वाचला. आज तो कॉलेजात आहे.

त्या दिवसापासून उलटी करणाऱ्या लेकराला सलाईन लावायच्या आधी मी यकृत चाचपते, ते कधी चुकवत नाही. थकलेल्या हृदयाला भराभर पाणी दिलं की ते बुडतं.

म्हणून आधी मी पाहते ती नाडी. ताप दर एक अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाइटच्या जवळपास दोन अंशांनी चढला, की नाडी मिनिटाला साधारण दहाने वाढते. त्याहून जास्त वाढली असेल, किंवा ताप उतरून लेकरू शांत झोपलेलं असतानाही नाडी पळतच असेल, तर ते मला खटकतं. मग श्वास, यकृत, हातापायांची ऊब, बीपी. यातलं काही बिनसलेलं असेल तर ईसीजी आणि ट्रोपोनिन लगेच.

घरी आम्ही काय बघायचं?

लेकरू झोपलेलं असताना त्याच्या पोटावरचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकरात ४० किंवा जास्त भरले, तर दवाखाना. आशाताईंना हे मोजायचं शिकवलेलं असतं, त्यांची मदत घ्या.

दूध पिणारं बाळ चार घोट घेऊन थकतंय, कपाळावर घाम येतोय, आणि दूध सोडून रडतंय. मोठं लेकरू "छातीत दुखतंय" म्हणतंय, जिना चढताना बसतंय, चक्कर येऊन पडलं. ताप नसताना हातपाय गार, चेहरा पांढराफटक, ओठ निळसर. लघवी सहा-आठ तासांत झालेली नाही. "लेकरू नुसतं झोपूनच ऱ्हातंय, खेळ मागत नाही." यातलं एक जरी दिसलं, तरी सकाळची वाट बघू नका. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण गाडी आधी बोलवा. पोट उडतंय म्हणून बिब्बा मात्र लावू नका. त्याने कातडी भाजते आणि आतला आजार तसाच राहतो.

करोनातलं ऑक्सिमीटर घरात असेल तर नाडी मोजायला उपयोगी पडतं, पण बोट गार असेल तर ते चुकीचं दाखवतं. बोट चोळून, ऊब देऊन परत लावा.

रिपोर्ट नॉर्मल आहे, पण लेकरू मलूलच आहे. काय करू?

लेकरावर विश्वास ठेवा आणि परत घेऊन या.

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. एक ०.०४ म्हणते, दुसरी ४०. हजारपट वाढलं का?

ही शंका घेऊन एक वडील रात्री अकराला माझ्या दारात उभे होते. दोन्ही आकडे एकच होते. पहिल्या लॅबने नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर मोजलं होतं, दुसरीने नॅनोग्रॅम प्रति लिटर. एका लिटरमध्ये हजार मिलिलिटर, म्हणून ०.०४ चे ४० झाले. आकड्यापुढचं एकक नेहमी वाचा.

त्यात ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी ही दोन वेगळी प्रथिनं आहेत, आणि प्रत्येक मशीनची मर्यादा वेगळी. शक्यतो दुसऱ्यांदाची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर करा, नाहीतर चढ-उतार कळत नाही. एक रेष-दोन रेषा दाखवणारी कार्ड टेस्ट हाताशी असते आणि पटकन होते, पण तिला फक्त मोठी वाढ दिसते. तिच्यावर "नाही" आलं म्हणून मी लेकराला घरी पाठवत नाही.

रक्त काढताना लेकरू खूप रडलं, आकडा चुकेल का?

रडण्याने ट्रोपोनिन वाढत नाही. पण बारीक शिरेतून जोर लावून रक्त ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि मग पोटॅशियमसारखे बरेच आकडे बिघडतात, ट्रोपोनिनही चुकू शकतं. रिपोर्टवर "नमुना हिमोलाइज्ड" असं लिहिलं असेल तर पुन्हा रक्त द्यावं लागेल. लॅबवाल्याशी भांडू नका. त्याने ते लिहिलं, हे प्रामाणिकपणाचं आहे.

डेंगीत पेशी कमी झाल्या की हृदयाला धोका असतो का?

"पेशी किती?" हा मराठवाड्यातल्या प्रत्येक तापाच्या घरचा पहिला प्रश्न. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, घरोघर ड्रम, टाक्या, हौद भरलेले, आणि डेंगीचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवली, तर निम्मी लढाई घरातच जिंकता येते.

प्लेटलेट कमी होणं आणि हृदयाला इजा होणं यांचा थेट संबंध नाही. डेंगीत घात होतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने, आणि तोही सहसा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायच्या वेळी. त्यासाठी प्लेटलेटइतकंच, खरं तर त्याहून जास्त, हिमॅटोक्रिटकडे बघायचं. रक्त घट्ट होत चाललं तर तो आकडा चढतो. डेंगीत काही लेकरांच्या हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. बरं होताना नाडी मंदावलेलीही दिसते, ती बहुधा आपोआप सुधारते. सलाईन देऊनही बीपी सावरत नसेल किंवा धाप वाढत असेल, तर ट्रोपोनिन आणि इको करावं. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन मेडिकलवरून आणून देऊ नका.

अंगणवाडीत हात-पाय-तोंडाचे फोड आले आहेत. त्यात हृदयाला होतं म्हणे?

आपल्याकडे दिसणारा हा आजार बहुतेक कॉक्सॅकी कुळातल्या विषाणूंचा असतो आणि आठवड्यात बरा होतो. भीती आली ती तैवानच्या १९९८ च्या साथीवरून. तिथे एन्टेरोव्हायरस ७१ ने ७८ जण दगावले, त्यांत बहुतेक अगदी लहान मुलं. त्या विषाणूचा घाव मेंदूच्या देठावर बसतो, तिथून हृदय आणि फुप्फुसं कोलमडतात. तिथल्या डॉक्टरांना एक गोष्ट दिसली : ज्या लेकरांच्या रक्तात साखर आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या आणि हातापायांत लुळेपणा होता, त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरायचा धोका जास्त होता. रक्तातली साखर ही ग्लुकोमीटरवर कुठेही होणारी स्वस्त तपासणी आहे. फोड आलेलं लेकरू झोपेत दचकत असेल, तोल जात असेल, सारखी उलटी करत असेल, तर मी साखर आणि नाडी दोन्ही बघते. नुसते फोड असतील तर रक्त काढायची गरज नाही.

करोनानंतरचा एमआयएस-सी आणि कावासाकी यांत रक्त काय सांगतं?

रक्ताचा सर्वांत जास्त उपयोग इथे होतो. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही लेकरांना जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आणि शॉक (बीपी कोसळणं), असं दिसू लागलं. त्यालाच एमआयएस-सी म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधून पहिला इशारा आला. दुसऱ्या लाटेनंतर आपणही ते पाहिलं. त्यात सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर चढलेले, आणि ज्यांचं ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी फार वाढलेलं, त्यांचं हृदय कमकुवत असण्याची शक्यता जास्त. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं) आणि स्टिरॉइड मिळाल्यावर बहुतेकांची हृदयं काही आठवड्यांत सावरली.

कावासाकी हा आजार जपानचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली जगापुढे मांडला. पाच दिवसांहून जास्त ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, सुजलेले तळहात, मानेत गाठ. त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, एखाद्या संसर्गाने तो पेटतो असं मानलं जातं. उपचार न झाल्यास साधारण चारांतल्या एका लेकराच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फुगतात. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण ४ ते ५ टक्क्यांवर येतं. डेंगीत प्लेटलेट घटतात, कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात त्या वाढतात. प्लेटलेट सहा-सात लाख बघून "चला, पेशी भरपूर आहेत" असं म्हणणाऱ्या घराला मला थांबवावं लागतं.

अंदाज बांधण्याची मर्यादाही या आजारानेच शिकवली. इम्युनोग्लोब्युलिनला कोण दाद देणार नाही हे ओळखायला जपानी डॉक्टरांनी सोडियम, एसजीओटी, सीआरपी, प्लेटलेट, न्यूट्रोफिल, वय आणि आजाराचा दिवस यांना गुण देऊन एक पद्धत तयार केली. जपानी लेकरांत ती चांगली चालली. अमेरिकेतल्या लेकरांत लावून पाहिली तर बरीच जोखमीची लेकरं तिच्या जाळ्यातून निसटली. म्हणून परदेशातल्या एखाद्या नव्या तपासणीची बातमी वाचून कुणी विचारलं, तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की आपल्या लेकरांवर ती कुणी करून बघितली आहे का.

एएसओ वाढलाय, हृदयाचं औषध सुरू करायचं का?

तो विषाणूचा नव्हे, घशातल्या एका जिवाणूचा माग आहे. संधिवाताच्या तापात (रूमॅटिक फीवर) त्याचा उपयोग होतो. नुसता एएसओ वाढला म्हणून महिन्याचं पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करू नये.

रक्त महत्त्वाचं की ईसीजी आणि इको?

हृदय किती जोराने आखडतंय हे फक्त इकोत दिसतं. ठोके चुकताहेत का, हे ईसीजीत. ईसीजी स्वस्त आहे, पाच मिनिटांत होतो आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत मशीन असतं. ट्रोपोनिनचा रिपोर्ट यायला दोन तास लागणार असतील तर ईसीजी काढून घ्या, आणि लेकरू खालावत असेल तर रिपोर्टसाठी गाडी थांबवू नका. रिपोर्ट फोनवरही कळवता येतो.

कुठे न्यायचं? पैशाचं कसं?

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज, लातूरचं मेडिकल कॉलेज या आपल्या भागातल्या मोठ्या सरकारी जागा. आष्टीकरांना नगर जवळ, उमरग्याकडच्यांना सोलापूर. जिल्हा आपला की परका हे बघत बसू नका, जिथे लवकर पोचाल तिथे जा. १०८ ची गाडी मोफत आहे. मागवताना "लेकराला धाप आहे, ऑक्सिजन लागेल" हे सांगा.

निघताना डॉक्टरांना फोन करून पुढच्या दवाखान्यात लहान मुलांचा आयसीयू आणि इको आहे का, विचारून घ्यायला लावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचा आजार त्यात बसतो का, हे दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगेल. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाकून ठेवा.

आम्ही उसाच्या फडावर असतो, तिकडे काय करायचं?

बीड, धाराशिव, जालन्याची हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. लेकराचं काही सुरू झालं की कागद एका गावात, डॉक्टर दुसऱ्या गावात आणि राहायची कोपी (झोपडी) तिसऱ्याच शिवारात. माझी एक विनंती आहे : लेकराच्या प्रत्येक रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रक्त काढल्याची तारीख आणि वेळ दिसेल असा. तिकडच्या डॉक्टरला आधीचा आकडा मिळाला तर त्याला चढ-उतार कळतो, आणि त्यावर उपचार बदलतात. आजारी लेकराला घेऊन दवाखान्यात जायला मुकादमाने रोज कापला तरी जा. धाप लागलेलं लेकरू पहाटेपर्यंत कोपीत ठेवू नका.

लेकरू बरं होऊन घरी आलं. आता पुढे?

डॉक्टर सांगतील त्या तारखांना इको आणि ईसीजी. मायोकार्डायटिस झालेल्या लेकराने तीन ते सहा महिने पळापळ, कबड्डी, खो-खो, पोहणं बंद ठेवायचं. ट्रोपोनिन नॉर्मल झालं तरी सुजलेला स्नायू जोराच्या श्रमात ठोका चुकवू शकतो. शाळेतल्या सरांना चिठ्ठी द्या. १५ ऑगस्टच्या कवायतीला उन्हात उभं करू नका, हेही त्या चिठ्ठीत लिहा. बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतात, पण काहींचं हृदय मोठं आणि सैल राहतं, त्यांना औषध बरीच वर्षं लागतं. बरं वाटतंय म्हणून ते मधेच सोडू नका.

लसी कधी द्यायच्या?

इम्युनोग्लोब्युलिनचा मोठा डोस, किलोला २ ग्रॅम, दिला असेल तर गोवर-रुबेला आणि कांजण्यांची लस ११ महिने पुढे ढकलतात, कारण बाहेरून दिलेली प्रतिपिंडं लसीला काम करू देत नाहीत. बाकीच्या लसी ठरल्या वेळी चालतात. अंगणवाडीच्या लसीकरणाला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची तारीख सिस्टरला स्वतःहून दाखवा. लसीच्या कार्डावर ती लाल पेनाने लिहून घ्या.